सवलत विचाराधीन आहे

मीटरसाहेबांच्या आईला गाडी लागायची. लागायची म्हणजे साधीसुधी नव्हे. टॅक्सीचा दरवाजा उघडला की ही पिशवी उघडायची. इंजिन सुरू व्हायच्या आत, नुसत्या पेट्रोलच्या वासाने तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. बसचं तर नावच काढायला नको. आसपासचे टॅक्सीवाले तिला लांबून ओळखत, आणि ती फुटपाथच्या कडेला उभी दिसली की काहीतरी तातडीचं आठवल्यासारखे सुसाट निघून जात. त्यामुळे पायी जेवढं जाता येईल तेवढ्याच जगात ती कित्येक वर्षं राहत होती. भाजीवाला, दवाखाना आणि बागेतलं तिसरं बाक, झालं.

तिला एकच थोरली बहीण. अडीच तासांच्या अंतरावर, दुसऱ्या गावात, मुलीजवळ राहायची. त्या गावाला रेल्वे जात नव्हती. आधी मावशीच दर दोन-तीन महिन्यांनी बसने यायची, चार दिवस राहायची, आईच्या कपाटातले सगळे कपडे काढून उसवलेल्या शिवणी नीट करून जायची. पण दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं येणं बंद झालं. आता दोघी बहिणी रोज दुपारी चार वाजता फोनवर भेटत. 'भेटत' हा आईचाच शब्द.

मीटरसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात एका खिडकीमागे सव्वीस वर्षं बसत होते. मीटर जास्त पळतो, मीटर पळतच नाही, मीटर कालपर्यंत होता आज नाही, अशा तक्रारी घेत. इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं, आणि मनातून त्यांना ते आवडत होतं. 'साहेब' म्हणणारं बाहेर दुसरं कोणी नव्हतं. घरात तर नव्हतंच.

तळमजल्यावरच्या दंतवैद्याने इमारतीतली पहिली विजेवर चालणारी गाडी आणली, तिथून हे सगळं सुरू झालं. दंतवैद्य माणूस उत्साही. त्याने एका रविवारी सगळ्यांना आळीपाळीने फेऱ्या मारून आणल्या. आई खाली उभी राहून नुसती बघत होती. तो म्हणाला, "आजी, बसा तर खरं." आई म्हणाली, "तुझी नवी गाडी खराब होईल रे." पण कुतूहल मोठं होतं. पिशवी हातात धरून ती बसली.

अर्ध्या तासाने गाडी परत आली. मीटरसाहेब पाण्याची बाटली आणि ओला नॅपकिन घेऊन फाटकातच उभे होते. आई उतरली, पिशवीची घडी घालून तिने ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "चहा टाकायला सांग. भूक पण लागलीय."

त्या दिवशी चार वाजता तिने फोनवर आपल्या बहिणीला ओरडून सांगितलं, "ताई, मी येतेय! हा गाडी घेतोय, बिनवासाची!"

हा म्हणजे मीटरसाहेब. त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणायची कोणाची छाती झाली असती?

मीटरसाहेब सोमवारी शोरूममध्ये गेले, गाडी पाहिली, आत बसून मागे वळून आईच्या पायांना जागा पुरेल की नाही ते पाहिलं. तिथल्या विक्रेत्या बाईंना, उद्या येऊन सही करतो, असं सांगितलं आणि घरी आले. जिन्यात व्होल्टकाका भेटले नसते तर ही कथा इथेच संपली असती.

व्होल्टकाका म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त वीज अभियंते. वीज या विषयावर आपल्याला न विचारता कोणी दिवासुद्धा लावू नये असं त्यांचं मत.

"आत्ता घेताय?" ते जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाले. "अहो, पुढच्या महिन्यात सरकारची सवलत वाढणार. आतल्या गोटातली बातमी आहे. आत्ता घेतलीत तर लोक हसतील तुम्हाला."

लोक हसतील, हे मीटरसाहेबांना कधीच सहन होत नसे. त्यांनी महिनाभर थांबायचं ठरवलं. महिन्याचं ते काय, असं त्यांनी आईला सांगितलं. आईने ते मावशीला सांगितलं.

महिन्याने परिपत्रक निघालं. मीटरसाहेबांनी ते चष्मा पुसून तीनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं : 'वाढीव सवलतीचा प्रस्ताव विचाराधीन आहे.' आता, विचाराधीन या शब्दाचा अर्थ जगात कोणाला ठाऊक असेल तर तो मीटरसाहेबांना. सव्वीस वर्षं ते स्वतः हा शब्द लोकांच्या अर्जांवर लाल शाईने लिहीत आले होते. तो लिहिला की अर्ज सगळ्यात खालच्या खणात जायचा आणि खण आतून गच्च भरला की एक दिवस शिपाई तो रिकामा करायचा. पण तोच शब्द वरच्या सरकारच्या कागदावर छापून आला, तेव्हा त्यांना वाटलं, वर कोणीतरी खरोखरच विचार करत बसलं असेल.

"अहो, घेऊन टाका ना," बायको म्हणाली. "आई रोज बॅग भरतात आणि रोज उपसतात."

"दोन-चार आठवडे. मग हातात गाडी आणि वर सवलत."

दोन-चार आठवड्यांनी सवलत वाढली नाही, उलट जुनीसुद्धा तात्पुरती स्थगित झाली. व्होल्टकाका म्हणाले, "हीच तर खूण आहे. उडी मारण्याआधी माणूस मागे सरकतो." मीटरसाहेबांना हे पटलं. दोन महिने सरकार मागे सरकत राहिलं.

मग एक नवं परिपत्रक आलं : जुनं वाहन मोडीत काढणाऱ्यांना जादा सवलत. मीटरसाहेबांकडे एकोणीस वर्षांची स्कूटर होती. तिला उभं राहायला भिंत लागे, पण रोज सकाळी ती त्यांना न चुकता ऑफिसला सोडत असे. त्यांनी ती मोडीत दिली. भंगारवाल्याने हँडल धरून ती आत नेली तेव्हा मीटरसाहेब उगाचच रस्त्यापलीकडची पाटी वाचत उभे राहिले. प्रमाणपत्र घेऊन ते सवलतीच्या कार्यालयात गेले. तिथे खिडकीमागे एक तरुण कारकून बसला होता.

"हे दुचाकीचं आहे," तो वर न बघता म्हणाला. "चारचाकी घ्यायची तर चारचाकी मोडायला हवी."

"माझ्याकडे चारचाकी नाही. म्हणून तर घेतोय!"

"मग जादा सवलतीचा प्रश्नच येत नाही."

"आणि माझी स्कूटर?"

"मोडली ना?"

"मोडली."

"मग झालं तर," कारकून म्हणाला आणि मागच्या माणसाला हात केला.

त्या 'मग झालं तर'मध्ये मीटरसाहेबांनी स्वतःचाच आवाज ऐकला. तीच पट्टी, तोच कंटाळा. घरी जायला स्कूटर नव्हती. सहा किलोमीटर चालत ते आले आणि पाय शेकताना बायकोला म्हणाले, "चालणं तब्येतीला चांगलं असतं." बायकोने गरम पाण्याचं घमेलं जरा जोरातच ठेवलं.

चार्जरचं प्रकरण तर त्याहून निराळं. सवलतीच्या अर्जाला घरच्या चार्जरचा पुरावा हवा होता, आणि चार्जरला इमारतीच्या समितीची मंजुरी. समितीची बैठक पावणेतीन तास चालली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना भीती, की चार्जर सगळी वीज ओढून घेईल आणि लिफ्ट त्यांना घेऊन अधांतरी थांबेल. व्होल्टकाकांनी त्यांचं शंकानिरसन केलं, ते इतकं सविस्तर की त्यानंतर बाई पंधरा दिवस जिन्यानेच ये-जा करत होत्या. शेवटी मंजुरी मिळाली. भिंतीवर पांढराशुभ्र चार्जर बसला. खाली जागा रिकामी. येणारेजाणारे त्याच्यावर ओल्या छत्र्या अडकवू लागले. मग एके दिवशी दंतवैद्याने अगदी संकोचून विचारलं, "तुमची येईपर्यंत मी माझी लावू का हो?" मीटरसाहेबांनी दिलदारपणे होकार दिला. त्यामुळे चार्जर मीटरसाहेबांचा, मीटर मीटरसाहेबांचा, आणि गाडी दंतवैद्याची, अशी व्यवस्था आठ महिने छान चालली.

या सगळ्या धबडग्यात चार वाजताचे फोन चालू होते. मावशी विचारायची, "कधी येतेस?" आई सांगायची, "सवलत आली की." पुढे पुढे मावशी एकाच फोनमध्ये दोनदा विचारू लागली, मग चारदा. आई चारही वेळा तेवढ्याच उत्साहाने सांगायची आणि फोन ठेवल्यावर म्हणायची, "ताईला माझी फार ओढ लागलीय."

एके दिवशी मावसबहिणीने मीटरसाहेबांना ऑफिसात फोन केला. "दादा, आई हल्ली फार विसरायला लागलीय. काल गॅस चालू ठेवून बाहेर गेली. शेजारणीला माझं नाव विचारत होती. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तुझ्या आईला लवकर आण रे. आत्ता आणलीस तर अजून ओळखेल."

"आणतो. महिन्याभरात आणतो."

"महिन्याभरात नक्की?"

"गाडी आल्यातच जमा आहे," मीटरसाहेब म्हणाले आणि समोरच्या माणसाच्या अर्जावर लाल शाईने तोच शब्द लिहिला.

त्याच संध्याकाळी दंतवैद्य स्वतः वर आला. मीटरसाहेबांच्या बायकोने मावशीचं त्याच्या कानावर घातलं होतं. "मीटरसाहेब, रविवारी माझी गाडी घेऊन जा. आजींना बहिणीला भेटवून आणा. चार्जिंगही तुमच्याच भिंतीवरचं आहे," तो हसत म्हणाला.

आई खुर्चीतून अर्धी उठली होती.

पण मीटरसाहेबांच्या मनात काय आलं, ते त्यांचं त्यांनाच पुढे कधी नीट सांगता आलं नाही. चालत ऑफिसला जाणं, छत्र्या अडकवलेला चार्जर, जिन्यातल्या लोकांचं 'काय, आली का गाडी?', हे सगळं एकदम आठवलं. एवढं करून शेवटी दुसऱ्याची गाडी मागून न्यायची?

"छे, छे! आपली येतेच आहे महिन्याभरात," ते म्हणाले. "आई स्वतःच्या गाडीतून जाईल. रुबाबात."

आई पुन्हा बसली. "हो," ती दंतवैद्याला म्हणाली. "हा म्हणतोय ना, येतेच आहे." दंतवैद्य गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "रुबाब आईंना नको होता." आणि आत निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात सवलत परत आली, पण महिनाअखेरपर्यंतच. मीटरसाहेबांनी धावत जाऊन नोंदणी केली. तेव्हा कळलं, की सवलत नोंदणीच्या तारखेला नसून गाडी ताब्यात येण्याच्या तारखेला मिळते, आणि गाडी यायला तीन महिने. म्हणजे सवलत नाही. त्यांनी नोंदणी रद्द केली. दहा दिवसांनी मुदत सहा महिन्यांनी वाढली. पुन्हा धावत गेले. विक्रेत्या बाई म्हणाल्या, "तुमचा नंबर गेला हो. आता परत शेवटी लागावं लागेल. तसेच राहिला असतात तर सवलतीसकट गाडी मिळाली असती." बाईंनी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी उभ्यानेच प्यायलं.

आणि मग एका मंगळवारी ते घरी आले तेव्हा आई फोनसमोर बसली होती. साडेपाच वाजून गेले होते. चहाचा कप तसाच भरलेला.

"काय झालं?"

"काही नाही रे." आईने कप बाजूला सारला. "ताईने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं मी. ती म्हणाली, मी म्हणजे कोण? मी नाव सांगितलं. तर म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय." आईने पदर नाही की रुमाल नाही, तळहातानेच टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "उद्या परत लावून बघते. कधी कधी लाइन नीट नसते."

मीटरसाहेबांनी बूटसुद्धा काढले नव्हते. ते तसेच खाली उतरले आणि शोरूम बंद व्हायच्या आत पोहोचले.

"आत्ता तयार असलेली कुठली गाडी आहे?"

"एक आहे, पण तो रंग कोणी घेत नाही. शिवाय तिच्यावर सवलत बसत नाही. आणि साहेब, पुढच्या आठवड्यात नवीन घोषणा होणार म्हणतात, तुम्ही जर..."

"सही कुठे करायची?" मीटरसाहेब म्हणाले.

गाडी झेंडूच्या फुलासारखी भडक होती. शनिवारी आली. रविवारी सकाळी मायलेक खाली उतरले तेव्हा व्होल्टकाका वर्तमानपत्र फडकवत धावत आले. "अहो मीटरसाहेब! जाहीर झाली! कालपासून लागू! पण त्याआधी कागद झालेल्यांना..." मीटरसाहेबांनी काच वर केली. काकांचे ओठ बराच वेळ हलत होते.

आई पुढच्या सीटवर बसली होती. अडीच तासांत तिला काही झालं नाही. ती शेतं बघत होती, पाट्या वाचत होती. मध्येच म्हणाली, "केवढा बदललाय रे रस्ता." मग गाव जवळ आलं तशी केस सारखे करत राहिली.

मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती. एवढीशी झालेली. मावसबहिणीने दार उघडून आईला मिठी मारली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, बघ कोण आलंय!"

मावशीने मान वळवली. आईकडे नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"या बाई," ती म्हणाली. "किती वाट बघायची तुमची? शिवायला घेता आणि तोंड दाखवत नाही."

"ताई," आई म्हणाली. "अगं, मी आलेय."

"ते दिसतंय. माप घ्या आता लवकर. मला घाई आहे. माझी धाकटी बहीण यायचीय. तिच्यापुढे हा जुना झगा बरा दिसेल का? तिचा मुलगा गाडी घेतोय, घेतली की येईल."

मीटरसाहेब दारातच उभे होते. हातात मिठाईचा पुडा होता, तो कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना.

मावशी खुर्चीचे हात धरून सावकाश उभी राहिली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले. आईने क्षणभर मीटरसाहेबांकडे पाहिलं. रागाने नव्हे. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ती पुढे गेली. टेप नव्हती, म्हणून तिने विती घातल्या. खांदा, पाठ, दंड. कंबरेचं माप घ्यायला तिने दोन्ही हात मागे नेले आणि ते तिथेच राहिले. मावशी हात पसरून निमूट उभी होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "झालं का हो बाई?"

"होतंच आहे," आई म्हणाली. "तुम्ही हलू नका."

मीटरसाहेबांनी आईला मावशीशी 'तुम्ही' म्हणताना जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

परत येताना त्या गाडीची एक गोष्ट मीटरसाहेबांच्या लक्षात आली. तिला आवाज नव्हता. शोरूममध्ये याचं भारी कौतुक चालायचं. आता शेजारी बसलेल्या आईचा प्रत्येक हुंदका, तो दाबायचा तिचा प्रयत्न, नाक ओढणं, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, जुनीपुराणी, खडखडणारी गाडी असती तर तिला मोकळेपणी रडता तरी आलं असतं.

"आई, चुकलंच माझं," ते समोर बघत म्हणाले. "दंतवैद्य देत होता तेव्हाच..."

बरंच अंतर गेल्यावर आई म्हणाली, "फार वाळलीय रे ती. दंड माझ्या मुठीत मावला." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "कापडाचं दुकान दिसलं की गाडी उभी कर."

"शिंप्याकडे टाकू या का?"

"नको. माप मी घेतलंय."

आता, आईला शिवता येत नव्हतं. सुईत दोरा ओवायलासुद्धा तिला दुसरं कोणी लागायचं. लहानपणी तिचं सगळं ताईनेच शिवलं होतं आणि म्हातारपणीही ताईच टाके घालून जायची. पण त्या आठवड्यात तिने सुनेला शेजारी बसवून, बोटं टोचून घेत, निळ्या कापडाचा एक झगा उभा केला. उभा केला असंच म्हणायला हवं, कारण त्याला कुठल्याही बाजूने धरलं तरी तो तिरकाच दिसत होता.

पुढच्या रविवारी मावशीने तो घातला. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी मनगटाच्या खाली. मावशीने दोन्ही हात समोर धरून पाहिलं आणि झगा काढून परत दिला. आईने तो उसवला आणि पुढच्या रविवारी नेला. तेव्हा गळा चुकला. त्यापुढच्या रविवारी घेर. दंतवैद्य, व्होल्टकाका, जिन्यातले लोक, कोणी काही विचारलं तर मीटरसाहेब एवढंच सांगत, "रविवारी नसतो आम्ही. कामाला जातो." सवलतीचं पुढे काय झालं ते त्यांनी कधी वाचलं नाही. ऑफिसातल्या त्यांच्या सगळ्यात खालच्या खणातले अर्ज मात्र त्यांनी एका दुपारी बाहेर काढले आणि एकेक करून वाचायला घेतले.

मावशीने आईला कधी ओळखलं नाही. थंडीच्या दिवसांतल्या एका रविवारी झगा सातव्यांदा घालून बघताना तिने बाहीची टीप डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"बाई, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुम्हाला शिवता येत नाही."

"नाही येत," आई म्हणाली.

"मग कशाला शिवता?"

आईने तिच्या खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली.

"तुम्ही घालून बघता म्हणून."